कोन म्हनलं?

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिण्याचा मला काही अधिकार नाही. आमच्या घरात माझ्या आधी कोणी काही लिहिलेलं नाही. मी आजवर जे लिहिलं ते परीक्षेच्या पेपरात, आणि ते वाचणाऱ्याला त्याचे पैसे मिळत होते. तुम्हाला फुकट वाचायचं आहे, म्हणून जास्त संकोच वाटतो.

तरी लिहितो, कारण कॉलेजच्या वार्षिकांकासाठी मराठीच्या सरांनी 'माझ्या जीवनाला वळण देणारी थोर व्यक्ती' असा विषय दिला आहे. मी नाव द्यायला गेलो तोवर थोर व्यक्ती संपल्या होत्या. देशाचे पुढारी पुढच्या बाकांवरच्या मुलांनी धरले होते, संत मुलींनी घेतले होते, आणि दोघा धोरणी मुलांनी खुद्द सरांचंच नाव दिलं होतं. मी बराच विचार केला. मला वळण लावणारी एकच व्यक्ती आठवली. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान आहे, उंचीनं माझ्या खांद्याला लागते, आणि तिचा फोटो अजून कुठल्या भिंतीवर लागलेला नाही. सर म्हणाले, "धाकटी बहीण? बरं, बघू." त्या 'बघू'च्या आधारावर पुढचं लिहितो आहे.

घरात सगळ्यांत लहान ती, आणि तिला आम्ही सगळे अक्का म्हणतो. मी म्हणतो, आमची माय म्हणते, बासुद्धा म्हणतात. हे नाव दुष्काळाच्या साली पडलं. बा आणि माय सकाळीच दुष्काळी कामावर खडी फोडायला जायचे, मी शाळेत जायचो आणि घर गावातल्याच शाळेत जाणाऱ्या अकरा वर्षांच्या पोरीच्या हातात असायचं. टोपल्यात भाकरी मोजक्या असत. घरातल्या कर्त्या माणसाला जास्त आणि शिकणाऱ्या मुलाला त्याहून थोडी जास्त, असा आमच्याकडे रिवाज होता. पहिल्याच दिवशी अक्कानं भाकरींचे चार सारखे वाटे केले. मी माझ्या वाट्याकडे बघून म्हणालो की अभ्यास करणाऱ्याला जास्त लागतं. ती म्हणाली, "कोन म्हनलं?" मी मायकडे बघितलं. माय म्हणाली, तसं म्हणतात बाई. "कोन म्हनतात?" बा खाली मान घालून जेवत होते. आपला वाटा संपवून ते म्हणाले, "अक्का, पानी दे." तेव्हापासून ती अक्का. माझा वाटा मात्र पुन्हा वाढला नाही.

'कोन म्हनलं?' हा तिचा एकच प्रश्न. दुसऱ्या मुलीही विचारायच्या, पण उत्तर मिळालं की गप्प बसायच्या. अक्का उत्तराच्या मागं चालत जायची. आमच्या वस्तीच्या कडेला एक चिंच आहे. पोरीनं त्या झाडावर पाय दिला की त्याला चिंचा लागत नाहीत, असं सगळं गाव सांगायचं. अक्कानं मायला विचारलं. मायनं शेजारच्या काशीआत्याचं नाव घेतलं. काशीआत्यानं आपल्या सासूचं नाव घेतलं. सासू अजून जिवंत होती, फक्त तिला ऐकू कमी यायचं. अक्कानं तिच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, तर म्हातारी म्हणाली, "म्या कशाला म्हनू गं? म्या लहानपनी त्याच झाडावर असायची." दुसऱ्या दिवशी अक्का झाडावर होती. त्या साली चिंच वाकून गेली. ज्यांनी ज्यांनी तिला खाली उतर म्हटलं होतं, त्या सगळ्यांच्या घरी त्या चिंचेचं सार झालं आणि कुणाला काही झालं नाही.

आता माझ्या भाषणाबद्दल सांगायला पाहिजे, कारण ते फार चांगलं झालं होतं. मी मॅट्रिकची परीक्षा दिली होती आणि गावातल्या जयंतीला मला बोलायला उभं केलं होतं. विषय 'स्त्रीशिक्षण'. एक मुलगी शिकली की दोन घरं उजळतात, वगैरे सगळं मी बोललो. टाळ्या पडल्या. अध्यक्ष आमच्या वस्तीतले दगडूतात्या. विहारापुढच्या कट्ट्यावर बसून ते सगळ्या भानगडींचे निकाल देतात. ते अध्यक्षीय भाषणात म्हणाले की मुलगा जे बोलला ते खरं आहे, लेकींना शिकवलंच पाहिजे. कोणाच्या, ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे सगळ्यांनाच ते पटलं.

अक्का त्याच वर्षी सातवी पास झाली. गावात शाळा सातवीपर्यंतच. पुढं शिकायचं म्हणजे शेताच्या वाटेनं चुडाव्याच्या स्टेशनावर जायचं आणि पॅसिंजर धरून पूर्णेला. मी तसाच शिकलो होतो. पण मुलगी रोज रेल्वेनं जाणार, पुरुषांनी भरलेल्या डब्यात बसणार आणि दिवस कलल्यावर परत येणार, हे आमच्या वस्तीत कधी घडलं नव्हतं. शेवटी बा म्हणाले, "माझं काय न्हाई गं. पन लोक काय म्हनतील?"

"कोन लोक?" अक्का म्हणाली.

बांनी हातानं दाराबाहेर सगळी वस्ती दाखवली.

अक्का उठली. तिनं पहिलं मलाच धरलं. "दादा, तू म्हनलास का?" अर्धा तास स्त्रीशिक्षणावर बोललेला मी काय सांगणार? सांगितलं, मी नाही म्हणालो. ती म्हणाली, "बरं. एक जन कमी झाला." मग ती काशीआत्याकडे गेली. मी मागं मागं गेलो. काशीआत्या भाकरी थापत होती. ती कळवळून म्हणाली की माझी जीभ झडो, मी कशाला म्हणू, पण त्या पलीकडच्या घरच्या म्हणत असतील. पलीकडच्या घरच्या दारात बसल्या होत्या. त्यांनी आपल्या पलीकडचं घर दाखवलं. असं एकेक घर मागं टाकत आम्ही वस्ती ओलांडली. सगळ्यांना माहीत होतं की लोक काहीतरी म्हणतात, आणि सगळ्यांना हेही माहीत होतं की ते लोक पुढच्या घरात राहतात. शेवटी पुढं घर राहिलं नाही. कट्टा आला, आणि कट्ट्यावर दगडूतात्या बसलेले.

"तात्या, म्या रेल्वेनं शाळंत गेले तर लोक नावं ठिवतील म्हनं. तुमी म्हनले का?"

तात्यांनी आधी माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. "म्या कशाला म्हनू बाई? म्या तर सभेत काय बोललो, सगळ्यांनी ऐकलंय."

"मंग चला. बाला तेवढं सांगा."

तात्यांना उठावं लागलं. अक्का पुढं, तात्या मधे, मी मागं, असे आम्ही आलो त्याच वाटेनं परत निघालो. ज्या ज्या दारात तिनं विचारलं होतं, तिथली माणसं बाहेर येऊन बघत होती. तात्यांनी आमच्या दारात उभं राहून बांना सांगितलं की गड्या, कोणी काही म्हणत नाही, पाठव पोरीला. बांनी पुन्हा दाराबाहेर बघितलं. तिथं सगळी वस्ती उभी होती आणि सगळे मान हलवत होते. जूनमध्ये अक्का पॅसिंजरमध्ये बसली. दिवाळीनंतर काशीआत्याची मुलगी तिच्यासोबत जायला लागली. काशीआत्या सांगायची की नाहीतरी कोणी काही म्हणत नव्हतंच.

मी तोवर परभणीला कॉलेजात आलो होतो आणि सुट्टीत घरी गेलो की ज्ञान सांगत होतो. एकदा मी म्हणालो की माणूस परिस्थितीचा गुलाम आहे, असं शास्त्रज्ञांचं मत आहे. अक्का ज्वारी निवडत होती. तिनं विचारलं, "कोन्या शास्त्रज्ञाचं? नाव काय त्याचं?" मला नाव येत नव्हतं. "मंग तुझंच मत हाय म्हन की. त्यात लाजायचं काय?" ही गोष्ट मला फार लागली. त्या वर्षी परीक्षेत मी 'असे विचारवंतांचे म्हणणे आहे' हे वाक्य कुठंच लिहिलं नाही. जिथं मला काही वाटलं तिथं 'मला वाटते' असं लिहिलं. त्या वर्षी मी नापास झालो. सरांनी समजावून सांगितलं की तुला काय वाटतं हे विद्यापीठाला नको आहे. पुढच्या वर्षी मी पुन्हा विचारवंतांकडे गेलो आणि पास झालो. अक्काची शिकवण सगळीकडे चालते असं मी म्हणणार नाही.

पण ती जिथं चालली त्याची सगळ्यांत मोठी गोष्ट पेडगावची. पेडगावला आमचा मामा राहतो आणि त्याला किसन नावाचा एकुलता एक मुलगा आहे. अक्का किसनला द्यायची, हे ती पाळण्यात असल्यापासून ठरलेलं. आमच्याकडे मामाच्या घरी लेक देतात, त्यात नवल काही नाही. नवल एवढंच की गावातल्या प्रत्येक मोठ्या मुलाला ती दादा म्हणायची, पण किसनला दादा म्हटलं की मायकडून फटका मिळायचा. लहान असताना अक्का विचारायची, ह्याला दादा न्हाई म्हनायचं, कोन म्हनलं? त्यावर दुसरा फटका मिळायचा. मायकडून उत्तर मिळालं नाही असा हा एकच प्रश्न. मग ती किसनला काहीच म्हणेनाशी झाली. किसन तर तिला बघितलं की नाहीसाच व्हायचा. पुढं तो पूर्णेच्या इंजिन शेडमध्ये इंजिनं पुसणारा खलाशी म्हणून लागला. अक्का रोज तिथंच उतरायची. डोक्यापासून पायापर्यंत कोळशानं काळा झालेला किसन तिला लांबून दिसायचा, आणि ती दिसताच इंजिनाच्या पलीकडच्या बाजूला जायचा. बाकीचे खलाशी हसायचे. तीन वर्षांत तो एक शब्द बोलला नाही.

अक्का मॅट्रिक पास झाली. तिला नर्सिंगच्या ट्रेनिंगला जायचं होतं. तेव्हा माय म्हणाली की आता पुरे, शब्द दिलेला आहे, दादा वाट बघायलाय. दादा म्हणजे मामा. बा म्हणाले, शब्द म्हणजे शब्द. मी सुट्टीत घरी होतो, मीही म्हणालो की शब्दाला किंमत असते. अक्का म्हणाली, "बरोबर हाय. शब्द कोन दिला?"

माय म्हणाली, मामानं मागितलं. बा म्हणाले, मला तर वाटलं तू दिलास. अक्का म्हणाली, चला पेडगावला. ट्रेनिंग की लग्न हे तिथंच ठरणार होतं, म्हणून मीही गेलो. गाडीत माय तिला सारखं बजावत होती की तू तोंड उघडायचं नाही, मी बघते. अक्का हो म्हणाली.

मामाच्या घरी पिठलं-भाकरीचं जेवण झालं. पिकाची चौकशी झाली. किसन सुट्टी काढून आला होता आणि उंबऱ्यावर पाठमोरा बसला होता. माय विषयच काढीना. मग अक्कानं विचारलं, "मामा, माझा आन किसनचा शब्द कोन दिला?"

मामा म्हणाला, "तुझ्या मायनं."

"म्या कवा दिला?" माय म्हणाली. "तूच मागितलं नव्हतंस व्हय?"

"म्या कशाला मागू? मला वाटलं तुजी हौस हाय. नाराज करू नये बहिनीला."

आतून मामी म्हणाली की बारशाला झालं ते. कोणीतरी चुलत जाऊ आली होती. तिनं तान्ही अक्का उचलून लहानग्या किसनच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, धर, सांभाळ तुझी बायको. सगळ्या बाया हसल्या. ती जाऊ नंतर कधी आली नाही, तिचं नावही मामीला आठवेना. त्या हसण्यावर दोन घरं सोळा वर्षं जीव मुठीत धरून बसली होती. मामानं तर किसनला सांगून आलेली चांगली स्थळं बहिणीला वाईट वाटेल म्हणून परत पाठवली होती. हे ऐकून मायनं मोठा श्वास सोडला. मामानंही सोडला. मग मायच्या लक्षात आलं की मामानं श्वास सोडला, म्हणजे त्याला आमची पोरगी नको होती. मामाच्याही लक्षात आलं की बहिणीला त्याचं घर नको होतं. त्यावरून जे भांडण झालं ते पुढं वर्षभर टिकलं.

त्या गोंधळात अक्का उंबऱ्याकडे वळली. "आन तू म्हनलास का रे?"

किसननं मान न वळवता सांगितलं, "मला कोनी इचारलंच न्हाई."

अक्का त्याच्या पाठीकडे जरा वेळ बघत राहिली. तिच्या प्रश्नाला असं उत्तर आजवर कोणी दिलं नव्हतं. मग आम्ही परत आलो. पावसाळ्यात ती ट्रेनिंगला गेली. चुडाव्याच्या फलाटावर माय रडली. मी तिला शहरात कसं वागावं यावर थोडं मार्गदर्शन केलं. गाडी हलल्यावर ती खिडकीतून म्हणाली, "दादा, कोनी काय सांगितलं तर आधी इचारत जा." मार्गदर्शन माझं जास्त लांब होतं, पण लक्षात तिचंच राहिलं.

आता ती ट्रेनिंग संपवून बोरीच्या दवाखान्यात नर्स आहे. हा लेख इथंच थांबवून मी सरांकडे देणार होतो. पण गेल्या आठवड्यात मेसमध्ये पेडगावचा एक मुलगा म्हणाला, "काय पाव्हनं, बहिनीचं लगीन ठरलं म्हनं."

"कुनासंगं?"

"तुमच्या मामाच्याच घरी की."

घरच्यांनी शेवटी तिला वाकवलं, असंच मला वाटलं. एवढी वस्ती पालथी घातली, मायनं आणि मामानं वर्षभर बोलणं टाकलं, आणि शेवटी ती बारशातली हसणारी जाऊच जिंकली. मी त्या मुलाला विचारलं, कोन म्हनलं? तो म्हणाला, चुलते म्हणाले. चुलते बाजाराला परभणीत येणार होते, त्यांना गाठलं. ते म्हणाले, सगळेच म्हणतात. हे उत्तर माझ्या ओळखीचं होतं. शनिवारी मी पॅसिंजर धरली आणि चुडाव्याला उतरलो.

गावात शिरलो तर आक्रित. काशीआत्या दारातूनच म्हणाली, "मीच म्हनले व्हते, अक्का मामाच्याच घरी शोभती." पलीकडच्या घरच्या म्हणाल्या की आम्ही तर केव्हापासून म्हणत होतो. कट्ट्यावर दगडूतात्यांनी मला बसवून घेतलं आणि सांगितलं, पोरीला रेल्वेनं शाळेत पाठवा, असं सगळ्यांत आधी मीच म्हणालो होतो. एकेकाळी ज्या वस्तीत कोणीच काही म्हटलं नव्हतं, तिथं आता प्रत्येकजण म्हणाला होता. मी घरी आलो आणि मायला विचारलं, तिच्यावर जबरदस्ती केली का? माय चिडली. "माझ्या तोंडातून एक शब्द गेला न्हाई. दादाच्याबी न्हाई. आता मलाच काय इचारतूस? उद्या यायली ती, तिलाच इचार." बा नुसते हसले आणि म्हणाले, तुला कोणी कळवलंच नाही का रे?

रविवारी मी चुडाव्याला गेलो. दुपारच्या गाडीनं अक्का आली. पांढरी साडी, हातात पिशवी. पिशवी माझ्याकडे देऊन ती चालायला लागली. शेताच्या वाटेला लागल्यावर मी तिला तिचाच प्रश्न विचारला. "अक्का, हे मामाच्या घरचं कोन म्हनलं?"

ती चालता चालता थांबली. इतकी वर्षं तिनं किती दारं उघडायला लावली, पण ह्या प्रश्नाचं सरळ उत्तर मी कोणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

"म्या म्हनलं," ती म्हणाली.

"मंग तवा येवढं भांडन लावलंस ते कशाला?"

"तवा कोनीतरी हसत हसत म्हनून गेलं व्हतं. आता म्या म्हनलं. लगीन झाल्यावरबी बोरीची नोकरी सोडनार न्हाई, हेबी म्हनलं."

"आन किसन?"

"त्याला आधी इचारलं. पूर्णेला इंजिन पानी घेत व्हतं तवा. खाली उतरले आन सगळ्या खलाश्यांम्होरं इचारलं, करतूस का म्हनून."

"काय म्हनला?"

अक्का हसली. "आधी त्यानं मागं वळून बघितलं, दुसऱ्याच कोनाला इचारायली का म्हनून. मागं कोनी नव्हतं. मंग म्हनला, व्हय."